कार्ल योसेफ बायर

कार्ल योसेफ बायर (४ मार्च १८४७ – ४ ऑक्टोबर १९०४) हे ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ होते. बॉक्साइट या खनिजापासून शुद्ध ॲल्युमिना मिळवण्याची पद्धत त्यांनी १८८७ ते १८९२ या काळात रशियात असताना शोधून काढली. ही पद्धत आज बायर प्रक्रिया या नावाने ओळखली जाते. जगात तयार होणाऱ्या ॲल्युमिनियमपैकी बहुतांश ॲल्युमिनियमचा प्रवास आजही याच प्रक्रियेतून सुरू होतो. सव्वाशेहून अधिक वर्षे मूळ गाभ्यात फारसा बदल न होता टिकलेल्या रासायनिक प्रक्रिया थोड्याच आहेत आणि त्यांत हिची गणना होते.

नामसाधर्म्यामुळे दोन गैरसमज वारंवार आढळतात. ॲस्पिरिनमुळे घरोघरी माहीत झालेल्या बायर या जर्मन औषध कंपनीशी कार्ल बायर यांचा काहीही संबंध नव्हता. ती कंपनी १८६३ साली फ्रीडरिश बायर यांनी भागीदारीत स्थापन केली होती. तसेच निळीच्या संशोधनाबद्दल १९०५ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे आडोल्फ फॉन बायर हेही निराळे.

जन्म आणि शिक्षण

बायर यांचा जन्म ऑस्ट्रियन सायलीशियातील बीलिट्स या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये असून बिएल्स्को-बियावा या जोडशहराचा भाग आहे. लोकरीच्या कापडाचे माग आणि रंगशाळा यांसाठी बीलिट्स त्या काळी प्रसिद्ध होते. पुढे बायर यांना कीर्ती मिळवून देणारा शोध कापड रंगवण्याच्या गरजेतूनच निघावा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

रसायनशास्त्राचे धडे त्यांनी प्रथम वीसबाडेन येथे रेमिगिउस फ्रेझेनिउस यांच्या प्रयोगशाळेत गिरवले. फ्रेझेनिउस हे रासायनिक विश्लेषणाचे त्या काळचे थोर आचार्य होते. एखाद्या खनिजात कोणता घटक किती आहे हे अचूक मोजणे आणि एका घटकापासून दुसरा स्वच्छ वेगळा करणे, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते. तेथून बायर हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे गेले आणि १८७१ साली त्यांनी इंडियम या मूलद्रव्याच्या रसायनावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. इंडियमचा शोध त्या आधी अवघी आठ वर्षे, म्हणजे १८६३ साली लागला होता. आवर्त सारणीत इंडियम हे ॲल्युमिनियमच्याच कुटुंबातील मूलद्रव्य आहे. त्याचेही हायड्रॉक्साइड द्रावणातून साक्याच्या रूपाने खाली बसते. अशा साक्यांना हाताळण्याचा सराव बायर यांना विद्यार्थिदशेतच झाला होता, असे म्हणता येईल. पदवीनंतर त्यांनी ब्रनो येथील तांत्रिक विद्यालयात काही काळ अध्यापन केले.

बायरपूर्व काळातील ॲल्युमिना

बायर यांच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहणे आवश्यक आहे. १८२१ साली प्येर बर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रोव्हान्स प्रांतातील ले बो गावाजवळच्या तांबूस मातीचे पृथक्करण केले आणि तीत ॲल्युमिना विपुल असल्याचे दाखवून दिले. गावाच्या नावावरून पुढे त्या खनिजाला बॉक्साइट हे नाव पडले. बॉक्साइटमध्ये ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे असतात; पण त्यांच्या सोबतीला लोहाची संयुगे, टायटॅनियमची संयुगे आणि सिलिकाही असते. सिलिका म्हणजे वाळूचे मूळ द्रव्य. बॉक्साइटमध्ये ती काही प्रमाणात गारेच्या कणांच्या रूपात, तर बरीचशी चिकणमातीच्या रूपात असते. यातील हा चिकणमातीचा भागच पुढे सर्वांत अधिक त्रासदायक ठरला.

१८५० च्या दशकात फ्रान्समध्ये आंरी सेंत-क्लेर दव्हील यांनी सोडियम धातूच्या साहाय्याने ॲल्युमिनियम तयार करण्याची रीत बसवली. तिला लागणारे शुद्ध ॲल्युमिना मिळवण्यासाठी लुई ल शातलिए यांची पद्धत वापरात आली. बॉक्साइट आणि धुण्याचा सोडा यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १००० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजायचे, भाजलेला माल पाण्यात विरघळवायचा आणि गाळून मिळालेल्या सोडियम ॲल्युमिनेटच्या द्रावणात कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका पाडायचा, असा तिचा क्रम होता. फ्रान्समधील सालँद्र येथील कारखाना या पद्धतीने चालत असे.

तिच्यात तीन उणिवा होत्या. भट्टीला इंधन फार लागे. वायू सोडून पाडलेला साका पुष्कळदा खळीसारखा बुळबुळीत असे; तो गाळला जात नसे आणि धुतलाही जात नसे. तिसरी उणीव गुणवत्तेची होती. वायूमुळे द्रावणातील अल्कली निष्प्रभ होत जाई, तसतशी विरघळलेली सिलिकाही ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडबरोबर खाली बसे आणि माल दूषित होई.

डेन्मार्कमध्ये याच सुमारास यूलिउस टॉमसेन यांनी ग्रीनलंडहून येणारे क्रायोलाइट खनिज चुनखडीबरोबर भाजून त्यापासून सोडा व ॲल्युमिना मिळवण्याचा उद्योग सुरू केला होता. त्यात चुन्याचे काम फ्लोरिन धरून ठेवण्याचे होते. नको असलेला घटक चुन्याच्या गळ्यात बांधून अविद्राव्य करून टाकायचा, ही युक्ती ॲल्युमिनाच्या धंद्यात अशी बायर यांच्या आधीपासूनच रुळलेली होती.

सेंट पीटर्सबर्ग : पहिला शोध

१८८५ च्या सुमारास बायर रशियात गेले आणि सेंट पीटर्सबर्गजवळच्या टेंटेलेव्ह रासायनिक कारखान्यात काम करू लागले. या कारखान्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होत असे. त्याचे गिऱ्हाईक धातूचा कारखानदार नव्हता, तर सुती कापडाचा रंगारी होता. सुती धाग्यावर अनेक रंग नुसते टिकत नाहीत. धागा आणि रंग यांच्यामध्ये दुवा म्हणून रंगबंधक द्रव्य लागते आणि ॲल्युमिनियमची संयुगे हे काम उत्तम करतात. आपल्याकडचे रंगारी याच कारणासाठी पिढ्यान्‌पिढ्या तुरटी वापरत आले आहेत. तुरटी हेही ॲल्युमिनियमचेच संयुग. रंगबंधकात लोहाचा अंश राहिला तर रंग मळकट होतो, म्हणून रंगाऱ्याला माल निर्मळ लागे.

येथे बायर यांच्या लक्षात आले, की सोडियम ॲल्युमिनेटच्या थंड द्रावणात ताज्या, स्फटिकमय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची थोडी भर घातली आणि द्रावण सतत ढवळत ठेवले, तर कोणताही वायू न सोडता द्रावणातील ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आपोआप स्फटिकरूपाने वेगळे होऊ लागते. दुधाला विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की दही लागताना ढवळून चालत नाही आणि येथे ढवळल्यावाचून भागत नाही. एका घाण्यातील तयार हायड्रॉक्साइडचा काही भाग पुढच्या घाण्यासाठी विरजण म्हणून राखून ठेवायचा. ही प्रथा आजच्या प्रचंड कारखान्यांतही जशीच्या तशी चालू आहे.

हे स्फटिक दाणेदार असल्याने सहज गाळले जातात आणि पाण्याने स्वच्छ धुतले जातात. याहून मोठा लाभ असा, की या रीतीत द्रावणाची अल्कली मारली जात नाही. ती तशीच राहते आणि पुन्हा वापरता येते. विरघळलेली सिलिकाही वायूच्या रीतीप्रमाणे सरसकट खाली न बसता मुख्यतः द्रावणातच राहते. या शोधाचे जर्मन पेटंट १८८८ साली झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतही पेटंट मिळाले.

दुसरा शोध

पहिल्या शोधाने प्रक्रियेचा उत्तरार्ध सुधारला. भट्टीचा पूर्वार्ध मात्र तसाच राहिला होता. बायर पुढे कामा नदीच्या परिसरातील येलाबुगा येथे गेले. या काळातील कामातून १८९२ सालचे दुसरे पेटंट निघाले. बॉक्साइट भट्टीत न भाजता, दळून थेट कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात घालायचे आणि बंद दाबपात्रात तापवायचे, ही त्यातील कल्पना. वाफेच्या दाबाखाली द्रावण उकळबिंदूच्या वर तापते, प्रेशर कुकरमध्ये डाळ शिजते त्याच तत्त्वावर. या उष्णतेत ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे विरघळतात आणि लोहाची संयुगे न विरघळता मागे राहतात. त्यांच्या रंगामुळे उरलेल्या गाळाला तांबडा चिखल म्हणतात.

दोन्ही शोध एकत्र जोडले, की चक्र पूर्ण होते. कॉस्टिक सोड्यात बॉक्साइट शिजवावे, चिखल गाळून टाकावा, निवळलेले द्रावण थंड करून विरजण लावावे, स्फटिक काढून घ्यावेत आणि उरलेला सोडा आटवून पुन्हा नव्या बॉक्साइटवर घालावा. मिळालेले हायड्रॉक्साइड भाजून पाणी उडवले म्हणजे ॲल्युमिना तयार. कागदावर पाहता या चक्रात सोडा खर्चच होत नाही.

याच सुमारास आणखी एक घटना घडलेली होती. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडून ॲल्युमिनियम मिळवण्याची रीत शोधली होती. या रीतीला शुद्ध ॲल्युमिना अत्यावश्यक होते. विद्युत् अपघटनात लोह आणि सिलिकॉन हे ॲल्युमिनियमच्या आधीच सुटे होतात आणि धातूत मिसळतात. मागाहून त्यांना काढणे व्यवहार्य नसते. म्हणजे शुद्धीकरण काय करायचे ते धातू होण्याआधीच करायला हवे. रंगाऱ्यासाठी शोधलेली बायर प्रक्रिया या गरजेला अचूक जुळली. मार्सेलजवळच्या गार्दान येथे १८९३ साली या प्रक्रियेवर चालणारा कारखाना उभा राहिला आणि १८९५ मध्ये आयर्लंडमधील लार्न येथे ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना सुरू झाला.

सिलिकेची किंमत

बायर प्रक्रियेची लोखंडावर मात निर्विवाद आहे, कारण लोहसंयुगे कॉस्टिक सोड्यात विरघळतच नाहीत. सिलिकेचे तसे नाही. गारेचे कण मध्यम तापमानाला बरेचसे अलिप्त राहतात. पण चिकणमातीतील सिलिका कॉस्टिक सोड्यात झपाट्याने विरघळते. ती ॲल्युमिनाबरोबर द्रावणात आली, तर पुढे स्फटिकांतही तिचा शिरकाव होणार.

सुदैवाने ती द्रावणात फार काळ राहत नाही. गरम द्रावणातील सोडा आणि ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून ती सोडालाइट या खनिजासारख्या अविद्राव्य संयुगाच्या रूपात पुन्हा खाली बसते आणि तांबड्या चिखलाबरोबर निघून जाते. द्रावण अशा प्रकारे स्वतःच स्वतःला शुद्ध करते. या शुद्धीचे मोल मात्र मोठे आहे. खाली बसणारी प्रत्येक १ किलो सिलिका आपल्यासोबत साधारण ०.८५ किलो ॲल्युमिना आणि ०.९ किलोच्या आसपास कॉस्टिक सोडा घेऊन जाते. कागदावर न संपणारा सोडा प्रत्यक्षात संपतो तो मुख्यतः येथे. म्हणूनच बॉक्साइट खरेदी करताना त्यात ॲल्युमिना किती, याइतकेच त्यात विरघळणारी सिलिका किती हे पाहिले जाते. तिचे प्रमाण शेकडा ५ ते ७ च्या वर गेले, की साधी बायर प्रक्रिया सहसा परवडत नाही. जमिनीत बॉक्साइट भरपूर असूनही एखाद्या देशाला ते वापरता न येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरा त्रास नळ्यांचा. सोडालाइटसारखे संयुग केवळ चिखलातच बसत नाही, तर तापवण्याच्या नळ्यांच्या आतल्या बाजूलाही खपली धरते. कूपनलिकेच्या जड पाण्याने भांड्याला धरणाऱ्या खपलीची कल्पना गृहिणींना असते. ही तिच्याहून चिवट. उष्णता पोहोचेनाशी होते आणि नळ्या आम्लाने धुवाव्या लागतात. म्हणून पुष्कळ कारखान्यांत दळलेले बॉक्साइट दाबपात्रात घालण्यापूर्वी सोड्याच्या द्रावणात साधारण १०० अंशांच्या आसपास काही तास तसेच ठेवतात. सिलिका टाक्यांमध्येच विरघळून खाली बसते आणि पुढच्या नळ्या वाचतात.

चुन्याचा उपाय

सिलिकेला सोड्याऐवजी दुसरे काही धरायला दिले तर सोडा वाचेल, हा विचार स्वाभाविक होता. ते दुसरे काही म्हणजे चुना. सोडियम ॲल्युमिनेटच्या गरम द्रावणात विरलेला चुना घातला असता कॅल्शियम, ॲल्युमिना, सिलिका आणि पाणी यांचे एक संयुग तयार होते. त्याची स्फटिकरचना गार्नेट या रत्नखनिजासारखी असल्याने त्याला हायड्रोगार्नेट म्हणतात. ते अल्कधर्मी द्रावणात अत्यंत अल्प प्रमाणात विरघळते. सोडालाइट बसून झाल्यावरही द्रावणात जो थोडा सिलिकेचा अंश रेंगाळत असतो, तोही हायड्रोगार्नेट खाली ओढून नेते. त्यात सोडा अडकत नाही.

मग सर्व सिलिका चुन्यानेच का काढू नये? याचे उत्तर हायड्रोगार्नेटच्या घडणीत आहे. त्यात सिलिकेचे प्रमाण थोडे आणि ॲल्युमिनाचे पुष्कळ असते. ॲल्युमिनाच्या प्रत्येक रेणूमागे सिलिकेचा अर्धा रेणू धरला गेला असे मानले, तर १ किलो सिलिका काढताना जवळजवळ ३.४ किलो ॲल्युमिना गमवावे लागेल, म्हणजे सोडालाइटमधील हानीच्या चौपट. चुना सोडा वाचवतो, पण मोबदल्यात ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तेच ॲल्युमिना मागतो. यातून निघालेला व्यवहारी तोडगा दुपेडी आहे. सिलिकेचा मोठा भाग आधी उष्णता आणि वेळ देऊन सोडालाइटच्या वाटेने बसू द्यावा आणि शेवटचा, चिवट अंश तेवढा मोजक्या चुन्याने काढावा. चुना किती घालायचा याचा हिशेब म्हणूनच काटेकोर ठेवावा लागतो.

चुन्याची आणखी दोन कामे याच कारखान्यांत चालतात. हवेतील आणि बॉक्साइटमधील कार्बनमुळे कॉस्टिक सोड्याचा काही भाग हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो. चुना त्याला पुन्हा कॉस्टिक करतो. डायस्पोर या कठीण जातीच्या बॉक्साइटमध्ये टायटॅनियमची संयुगे कणांवर पापुद्रा धरून विरघळणे अडवतात. चुना तो पापुद्रा धरू देत नाही.

रशिया आणि अमेरिका

ज्या रशियात ही प्रक्रिया जन्मली, त्या देशाच्या वाट्याला आलेले बॉक्साइट पुष्कळ अंशी सिलिकेने भरलेले होते. सोव्हिएत काळात १९३२ साली व्होल्खोव्ह येथे ॲल्युमिनियमचा कारखाना निघाला, तेव्हा तिख्विनच्या बॉक्साइटसाठी शुद्ध बायर प्रक्रिया चालेना आणि भट्टीकडे परत वळावे लागले. पुढे तर कोला द्वीपकल्पातील नेफेलिन या खनिजापासून ॲल्युमिना काढण्यात आले. नेफेलिनमध्ये सिलिका ॲल्युमिनापेक्षाही अधिक असते. तेथे खनिजाबरोबर भट्टीत चुनखडी भाजतात. चुना सिलिकेशी संयोग पावून कॅल्शियमचे सिलिकेट होते. ते पाण्यात जात नाही आणि सिमेंट बनवण्यास उपयोगी पडते. हे साधण्यासाठी १ किलो सिलिकेमागे ३ किलोंहून अधिक चुनखडी लागते, यावरून त्या भट्ट्यांच्या आकाराची कल्पना यावी. १९५९ साली सुरू झालेला पिकाल्योव्हो येथील कारखाना याच धर्तीचा. तेथे ॲल्युमिना, सोडा, पोटॅश आणि सिमेंट असे सारे एकाच खनिजापासून निघे.

भट्टीतून येणाऱ्या द्रावणात थोडी सिलिका विरघळून येतेच आणि या पद्धतीत ॲल्युमिना जुन्या रीतीने, वायू सोडून पाडायचे असते. वायूची खोड आधी सांगितलीच आहे; तो सिलिकेलाही सोडत नाही. त्यामुळे द्रावणातील ॲल्युमिना सिलिकेच्या कित्येक शेपट होईपर्यंत ते शुद्ध करावे लागते. प्रथम दाबपात्रात उष्णतेने आणि मग चुन्याने, हा दुपेडी क्रम येथे अटळ ठरला.

अमेरिकेवर ही पाळी दुसऱ्या महायुद्धात आली. विमानांसाठी ॲल्युमिनियमची मागणी प्रचंड वाढलेली असताना दक्षिण अमेरिकेतून बॉक्साइट आणणारी जहाजे १९४२ साली जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. अर्कान्सॉ राज्यात देशी बॉक्साइट होते. पण त्यात सिलिका अधिक होती. तेथे बायर प्रक्रिया चालवून उरलेला तांबडा चिखल चुनखडी आणि सोडा यांच्यासह भाजण्यात आला. सिलिका चुन्याकडे गेली आणि चिखलात अडकलेले सोडा व ॲल्युमिना परत मिळाले. बायर आणि ल शातलिए यांच्या पद्धतींचा असा मिलाफ युद्धाच्या निकडीने घडला.

अखेरची वर्षे

रशियातून बायर ऑस्ट्रियाला परतले आणि स्टायरिया प्रांतातील रीट्सडॉर्फ येथे त्यांनी घर व प्रयोगशाळा थाटली. हे गाव आता स्लोव्हेनियात असून त्याचे नाव रेचित्सा ओब पाकी असे आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातच बोहिन खोऱ्यात बॉक्साइट सापडत होते आणि मायदेशी ॲल्युमिनियमचा उद्योग उभा राहावा, अशी त्यांची धडपड होती. १८९४ साली त्यांच्या दुसऱ्या शोधाला अमेरिकन पेटंट मिळाले. अनेक देशांत त्यांची प्रक्रिया स्वीकारली जात होती. मायदेशातील उद्योगाचा बेत मात्र त्यांच्या हयातीत तडीस गेला नाही.

४ ऑक्टोबर १९०४ रोजी रीट्सडॉर्फ येथे त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते. हॉल आणि एरू यांची नावे पाठ्यपुस्तकांत एकत्र येतात आणि ते योग्यच आहे. परंतु वीज सोडण्यापूर्वीचे शुद्धीकरण ज्याने सोपे केले, त्याचे नाव प्रक्रियेला चिकटून राहिले आणि माणूस विस्मृतीत गेला. मराठी शालेय पुस्तकांतही बायर हे नाव प्रक्रियेचे विशेषण म्हणूनच भेटते.

तांबडा चिखल

प्रक्रियेचा एक वारसा अप्रिय आहे. १ टन ॲल्युमिनामागे साधारण १ ते १.५ टन तांबडा चिखल उरतो. लोह, टायटॅनियम, सोडालाइट आणि धुऊनही पूर्ण न निघालेला कॉस्टिक सोडा यांचे हे मिश्रण मोठ्या बांधबंदिस्त तळ्यांत साठवावे लागते. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आइका येथील अशा तळ्याचा बांध फुटला. चिखलाचा लोंढा कोलोन्तार व देवेचेर या गावांत शिरला आणि १० माणसे दगावली. चिखलातील अल्कलीने अनेकांची कातडी भाजली. सिलिकेबरोबर वाया जाणारा सोडा कमी करणे हा त्यामुळे केवळ कारखान्याच्या नफ्याचा प्रश्न उरलेला नाही.

भारत व महाराष्ट्र

भारतात बायर प्रक्रियेने ॲल्युमिना तयार करणारा एक कारखाना १९४८ साली मुरी येथे, आजच्या झारखंडमध्ये, सुरू झाला. मराठी मुलखाचा या उद्योगाशी असलेला संबंध जांभ्या दगडातून येतो. कोकणातील घरे ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधतात, तो दगड आणि बॉक्साइट ही भावंडे आहेत. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडकातील सिलिका हजारो पावसाळ्यांच्या पाण्याने धुपून गेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरले. लोह अधिक राहिले तेथे जांभा झाला; ॲल्युमिनियम अधिक साठले तेथे बॉक्साइट. रासायनिक कारखान्यात जे काम सोडा आणि चुना यांना करावे लागते, ते येथे बरेचसे पावसानेच करून ठेवले आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांत सह्याद्रीच्या सड्यांवर, तसेच रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत बॉक्साइटचे साठे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट बेळगाव येथील ॲल्युमिना कारखान्यात जात असे. नागपूर येथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र ही या विषयाला वाहिलेली संस्था आहे. बॉक्साइटची परीक्षा, ॲल्युमिना प्रक्रियेतील सुधारणा आणि तांबड्या चिखलाचा उपयोग हे तिचे कामाचे विषय आहेत.